टोचून पाहिलेली फ्रेंच घरं

नवं घर दाखवायला लोक मला एकदाच बोलावतात. बाकीचे पाहुणे पडद्यांचं कौतुक करत असतात, तेव्हा मी भिंतीवर बोटाची पेरं वाजवत असते. छताच्या कोपऱ्यात डाग दिसला की माझं चहाकडे लक्ष राहत नाही. तेहतीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात काढल्यावर दुसरं काय होणार? निवृत्त झाले, सांगलीला एकटी राहते, पण डोळे काही निवृत्त झाले नाहीत.

गेल्या मे महिन्यात अमेरिकेत मी तीन दिवस फ्रेंच घरं बघत फिरले. पॅरिसची पायरीही न चढता हे कसं जमलं आणि त्यात जीव किती टांगणीला लागला, ते सांगते.

शुक्रवार, नोव्हाय

माझी लेक मुग्धा, जावई निखिल आणि नऊ वर्षांची नात ईरा मिशिगनमधल्या नोव्हाय गावी राहतात. निखिल मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. इतकी वर्षं भाड्यानं राहिल्यावर त्यांनी एक घर पसंत केलं होतं. सौदा पक्का करायला सोमवार संध्याकाळपर्यंतची मुदत होती; तोवर नाही म्हटलं तर मोकळे, नंतर नाही. आणि मुग्धानं जाहीर केलं होतं की आई हो म्हणाली तरच सही करायची.

"तू इंजिनिअर आहेस ना? मग फायनल तूच सांग," ती म्हणाली.

मी ऐकलं न ऐकलंसं करून चष्मा पुसत बसले. ते का, हे तिला ठाऊक नव्हतं.

घराची जाहिरात होती 'फ्रेंच कंट्री' शैली म्हणून. मी त्याआधी चार रात्री मन लावून वाचलं होतं, त्यामुळे मला एवढं कळत होतं की फ्रान्समध्ये असं एकच ठरावीक घर नाहीच. उत्तरेला नॉर्मंडीत उघड्या लाकडी चौकटी आणि उंच, उतरती छपरं असतात. दक्षिणेला प्रोव्हान्सकडे जाड दगडी भिंती, मातीची कौलं आणि उन्हासाठी खिडक्यांना झडपा. पश्चिमेला ब्रिटनीत ग्रॅनाइटची बसकी, लांबट घरं. जिथे जे मिळेल, जसा वारा-पाऊस असेल, तसं घर. नोव्हायच्या बिल्डरनं मात्र सगळं एका ताटात वाढलं होतं: नॉर्मंडीचं छप्पर, प्रोव्हान्सच्या झडपा, दाराशी दगडी बुरूज.

मी बुरूज वाजवला. आतून पोकळ आवाज आला. दगड म्हणजे वरून चिकटवलेला बोटभर जाडीचा पापुद्रा, मागे लाकडाचा सांगाडा. झडपा ओढून पाहिल्या तर त्या हलेचनात. भिंतीला स्क्रूनं ठोकलेल्या! न मिटणारी झडप मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

"आई, इकडे सगळी घरं अशीच असतात गं," मुग्धा म्हणाली. मग मला तळमजल्यावरच्या एका खोलीत घेऊन गेली. खिडकीबाहेर मेपलचं झाड होतं. "आणि ही तुझी रूम."

"या कोपऱ्यात ओल येईल," मी म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. खरं तर कोपरा कोरडा होता. मला काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून खात्याची भाषा तोंडात आली.

गाडीत बसल्यावर तिनं तोडगा काढला. मिसूरी राज्यात मिसिसिपी नदीकाठी सेंट जेनेव्हीव्ह नावाचं गाव आहे, तिथे अडीचशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच वसाहतकऱ्यांची घरं अजून उभी आहेत. "निखिलला कामातून वेळ नाही. आपण तिघी जाऊ. खरी फ्रेंच घरं बघ, मग खोट्याबद्दल बोल."

दुपारीच निघालो. रात्रीचा मुक्काम इंडियानात केला. मला झोप लागली नाही.

शनिवार, सेंट जेनेव्हीव्ह

इलिनॉयमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मक्याची नुकती उगवलेली रोपं होती, क्षितिजापर्यंत. एकही माणूस शेतात नाही. मग जमीन उतरत गेली, पूल आला आणि खाली मिसिसिपी दिसली. गढूळ, फुगलेली, काठची झाडं कमरेपर्यंत पाण्यात.

सांगलीच्या माणसाला फुगलेली नदी दाखवू नये. पावसाळ्यात आम्ही एकमेकांना नमस्काराऐवजी आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे तेच विचारतो. मी मुग्धाला विचारलं, "इथे धोक्याची पातळी किती?"

"आजी, द टाउन इज नॉट ईव्हन ऑन द रिव्हर," मागून ईरा म्हणाली.

पोर खरं बोलत होती. जुनं गाव अगदी नदीकाठी होतं. मोठा पूर आला आणि लोकांनी बिऱ्हाडं उचलून वरच्या अंगाला नवं गाव वसवलं. आता नदी लांब आहे, मध्ये बांध आहे. तरी मी बांधाची उंची नजरेनं मोजलीच.

गाव लहान आणि शांत. बैठी, पांढरी घरं, पुढे लाकडी कुंपणं. जेवायला एका खानावळीत गेलो तर तिथला खास पदार्थ म्हणजे काळजाच्या मांसाचे उकडलेले गोळे. नंतर आलेल्या जर्मन लोकांनी आणलेला. मी तळलेल्या बटाट्यांवर भागवलं आणि पर्समधली शेंगदाण्याची चटणी बाहेर काढली. वाढणाऱ्या बाईनं विचारलं, हे काय आहे? ईरानं सांगितलं, "इट्स पीनट बटर, बट अँग्री." बाईनं चिमूटभर चाखली आणि पाण्याचा जग आमच्याच टेबलावर ठेवून गेली.

जुनं घर पाहायला गेलो. लांबून पाहिलं आणि मी थबकले. मधलं छप्पर उभट, चारही बाजूंनी उतरतं, पण खाली येताना एका जागी वाकून पसरट झालेलं आणि सगळ्या घराभोवतीच्या पडवीवर आलेलं. इरलं पांघरून बसलेल्या बाईसारखं ते घर दिसत होतं. या पडवीला ते लोक गॅलरी म्हणतात, पण आपल्या कोकणातल्या कुठल्याही माणसानं तिला पडवीच म्हटलं असतं. मी सवयीनं पायरीशी चपला काढल्या. ईरा लाजली, पण मग तिनंही बूट काढले.

घर दाखवणाऱ्या बाईंचं नाव कॅरल. साठीच्या पुढच्या, गुडघ्याला पट्टा बांधलेला, आवाज शाळेतल्या बाईंचा. त्यांचं इंग्रजी मी इथे माझ्या मराठीत सांगते.

"इंग्रज लोक ओंडके आडवे रचायचे," त्या म्हणाल्या. "फ्रेंचांनी उभे लावले. पहिल्या लोकांनी चर खणला आणि ओंडके सरळ जमिनीत पुरले. पुढच्यांनी शहाणपणा केला. दगडी जोतं, जोत्यावर आडवी तुळई, तुळईवर खांब. आणखी पुढच्यांनी दगडाचंच घर बांधलं. तुम्ही पाहताय ते पहिल्या प्रकारचं. असली घरं आता देशात बोटांवर मोजण्याइतकी आहेत."

दोन खांबांमधल्या फटीत चिकणमाती आणि गवत मळून भरलेलं, वरून चुन्याची सफेदी. आमच्याकडे कुडाच्या भिंती असतात. काठ्या बारीक आणि मातीत शेण, एवढाच फरक. सातासमुद्रापलीकडच्या माणसांनीही पावसाकडे बघून हेच केलं, याचं मला बरं वाटलं.

आणि मग भीती वाटायला लागली. खांब जमिनीत? लाकूड मातीत पुरलं की जमिनीलगत कुजतं, हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. असला नकाशा माझ्या टेबलावर आला असता तर मी लाल पेन्सिल मोडेपर्यंत फुल्या मारल्या असत्या. हे घर अडीचशे वर्षं उभं कसं?

कॅरलबाई बाकीच्यांना घेऊन आत गेल्या. मी मागच्या पडवीत रेंगाळले. तिथे एका खांबाच्या पायाशी सफेदी फुगलेली होती. नोकरीत माझ्या पिशवीत कायम दाभण असायचं, पोती शिवायचं. लाकूड वरून कितीही धडधाकट दिसो, दाभण टोचलं की खरं काय ते कळतं. विमानात दाभण नेता येत नाही म्हणून ते सांगलीत राहिलं होतं. पण पर्समध्ये घराची लांब किल्ली होती.

मी खाली वाकले आणि टोचली.

किल्ली अर्धा इंच आत गेली.

"मॅम! मॅम, प्लीज स्टेप बॅक!"

मागे कॅरलबाई. त्यांच्या मागे पंधरा माणसं. ईराचा चेहरा पांढराफटक. "आजी! यू कान्ट डू दॅट! इट्स हिस्टॉरिक!"

माझी तर पाचावर धारण बसली. मुग्धा धावत आली, "आय ॲम सो सॉरी, माय मदर इज ॲन इंजिनिअर," असं काहीतरी बोलायला लागली. कॅरलबाईंनी ऐकून घेतलं नाही. गुडघा धरून खाली बसल्या, भोक पाहिलं, माझ्या हातातली किल्ली पाहिली. मग उठून म्हणाल्या, "शेवटचे पाहुणे जाईपर्यंत तुम्ही इथेच थांबा."

तो एक तास मी विसरणार नाही. पडवीतल्या बाकावर अनवाणी बसले होते. पोलीस येतील. पासपोर्टवर शिक्का बसेल. पुन्हा या देशात पाऊल ठेवू देणार नाहीत. मुग्धानं डब्यातली दशमी पुढे केली, ती मी परत डब्यात ठेवली.

"आई, तू हे का करतेस?" तिनं विचारलं. रागानं नव्हे, अगदी हळू. "सगळ्या गोष्टी टोचून का बघतेस?"

आणि मी तिला ते सांगितलं, जे तिच्या वडिलांनाही कधी सांगितलं नव्हतं.

नोकरीच्या सहाव्या वर्षी, मार्चअखेरीस, एका खेड्यातल्या शाळेचा व्हरांडा तपासून दाखला द्यायचा होता. लाकडी खांब, वर कौलं. त्या दिवशी आणखी सात कामं होती. मी जीपमधून उतरलेच नाही. लांबून पाहिलं, रंग ताजा होता, गुडघ्यावर कागद ठेवून 'प्रत्यक्ष पाहणी केली, काम ठीक' असं लिहिलं आणि सही केली. जुलैत व्हरांडा कोसळला. रविवार होता, शाळेत कुणी नव्हतं. कागदोपत्री कारण लिहिलं गेलं, अतिवृष्टी. मला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. आणि म्हणूनच ते माझ्या मनातून आजवर सुटलेलं नाही. त्यानंतर मी एकही सही रात्रीची झोप न घालवता केली नाही.

"तू तुझ्या घरासाठी माझं हो मागतेस," मी म्हणाले. "त्या घरात ईरा झोपणार आहे. मला भीती वाटते गं."

मुग्धानं डबा बाजूला ठेवला. तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

शेवटची मंडळी गेल्यावर कॅरलबाई आल्या. हातात पत्र्याची पेटी. मला वाटलं, दंडाची पावती काढणार. त्यांनी काढला लाकडी मुठीचा एक टोच्या, अगदी माझ्या दाभणाचा थोरला भाऊ.

"तुम्ही चुकीच्या बाजूनं टोचलंत," त्या म्हणाल्या. "पुढून टोचलं की व्रण दिसतो. मागून टोचायचं. आणि माती चार बोटं उकरून, तिच्याखाली. कूज तिथे सुरू होते. हाताला काय लागलं?"

"सॉफ्ट," मी म्हणाले.

त्यांनी खांबामागे जाऊन माती उकरली, टोचलं, कान देऊन ऐकल्यासारखं केलं आणि मान हलवली. मग पेटीतून एक जाड वही काढली. घराचा नकाशा, त्यात प्रत्येक खांबाला आकडा. दर वसंतात त्या आणि गावातले दोन सुतार सगळे खांब टोचतात. पुढे एकच शब्द लिहायचा, टणक किंवा नरम. नरम निघाला तर तेवढा कुजका भाग कापून खाली नव्या लाकडाचा सांधा द्यायचा. मी टोचलेल्या खांबापुढे गेल्या वर्षी 'टणक' होतं. त्याखाली त्यांनी त्या दिवसाची तारीख घालून 'नरम' लिहिलं, आणि पुढे लिहिलं, 'भारतातून आलेल्या इंजिनिअर बाईंनी शोधला.'

मी वही मागे-पुढे चाळली. सगळीकडे तारखा आणि ते दोन शब्द. "पण घर सुरक्षित आहे, असा दाखला कुठे आहे? त्यावर सही कोण करतं?"

कॅरलबाईंना प्रश्नच कळला नाही. दुसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाल्या, "कुणीच नाही. पुढच्या वसंतात परत टोचायचंच असतं ना."

मी पडवीकडे, छपराकडे, त्या ओळीनं उभ्या खांबांकडे पाहत राहिले. इतकी वर्षं मी समजत होते की एकदा नीट बघून कायमचं हो म्हणायचं असतं, आणि ते आपल्याच्यानं होत नाही म्हणून आपण नालायक. या घराला कायमचं हो कुणीच म्हटलेलं नव्हतं.

निघताना त्यांनी पेटीच्या तळाचा एक जुना, मूठ तडकलेला टोच्या मला दिला. मी उरलेली चटणी त्यांना दिली. ईरानं ती कशी आहे याची त्यांना आधीच कल्पना दिली होती.

सोमवार, पुन्हा नोव्हाय

रविवार परतीच्या रस्त्यात गेला. सोमवारी दुपारी घरांच्या दलाल बाईंनी दार उघडून दिलं. या वेळी मी आधी परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, तपासणीस लोक असंच करतात, खुशाल करा.

दारांच्या, खिडक्यांच्या लाकडी चौकटी जिथे जमिनीपाशी टेकतात, अशा चौदा जागा मी काढल्या. वाकून वाकून कंबर मोडली. ईरा मागून वही धरून चालत होती. मी टोचायची, सांगायची, ती लिहायची. आठ टणक. नवव्या जागी, मागच्या अंगणात उघडणाऱ्या काचेच्या दाराखाली, टोच्या लोण्यात जावा तसा आत गेला.

मी टोच्या तसाच ठेवून वाकलेलीच राहिले. मुग्धाला ते माझ्या पाठीवरूनच कळलं असावं. ती फोनवर निखिलशी बोलत होती, ती थांबली.

"नरम आहे," मी म्हणाले.

"म्हणजे नाही," ती म्हणाली. तिनं ते इतकं शहाण्यासारखं म्हटलं की मला गलबलून आलं.

"थांब. अजून पाच राहिल्यात."

पाचही टणक निघाल्या. समोरच्या दाराची चौकट सगळ्यात शेवटी, चौदावी. मी पायरीवर बसले. मुदत संपायला तीन तास होते. मान वर केली तर तो पोकळ बुरूज आणि त्या न मिटणाऱ्या झडपा. आवडलं नव्हतंच ते घर मला, अजूनही नाही आवडलं.

"लिही," मी मुग्धाला म्हणाले. "चौदा जागा पाहिल्या. तेरा टणक. नववी नरम, विकणाऱ्यांनी चौकट बदलून द्यावी. पुढची पाहणी ऑक्टोबरात. त्यापुढची वसंतात."

"आई, म्हणजे हो?"

"म्हणजे हो." मी टोच्या पुसून पर्समध्ये ठेवला. विकणाऱ्यांनी चौकट बदलायचं तासाभरात कबूल केलं आणि मुग्धानं सही केली. त्या रात्री मी जागीच होते. पण जागं राहायला त्या भाड्याच्या घरात चौघं होती आणि निखिलनं सगळ्यांना चहा केला.

सांगली

ऑगस्टमध्ये मी परत आले. निघताना मुग्धानं पुन्हा ती मेपलची खोली दाखवली. मी म्हटलं, बघू. टोच्या विमानात नेता येणार नाही म्हणून ईराकडे ठेवून आले. सामानाच्या मोठ्या बॅगेत घालता आला असता, हे मला माहीत होतं आणि मुग्धालाही.

इथे आल्यावर काळजीला नवी जागा मिळाली. तिकडे पाऊस पडला की मला इथे झोप नाही. मी निघाल्यावर चौकट बदलली म्हणतात, पण कुणी टोचून पाहिली?

परवाच्या रविवारी ऑक्टोबरची पाहणी झाली. माझी संध्याकाळ, त्यांची सकाळ. मुग्धा फोन धरून मागे आणि ईरा टोच्या घेऊन पुढे, चौकटींच्या आतल्या बाजूनं, व्रण दिसू नये म्हणून. मी इथे टेबलाशी चष्मा लावून, वही उघडून.

"आजी, वन. हार्ड. टू. हार्ड." आठपर्यंत मी श्वास रोखून लिहीत गेले. "नाइन." तिनं दोनदा टोचलं. "हार्ड!" माझा जीव भांड्यात पडला. तेरापर्यंत सगळं टणक. मी पेनाचं टोपण लावायला घेतलं.

"फोर्टीन," ईरा म्हणाली. मग एकदम मराठीत, जी ती सहसा बोलत नाही. "आजी, नरम आहे. खूप नरम. तू ये."

मी चष्मा सारखा करून पडद्याजवळ गेले. त्यांच्याकडे या दिवसांत पायऱ्यांवर भोपळे मांडतात. ईरानं टोच्या मुठीपर्यंत एका पिकल्या भोपळ्यात खुपसला होता आणि अतिशय गंभीर चेहऱ्यानं माझ्याकडे बघत होती. फोन हलत होता, म्हणजे मुग्धा हसत होती किंवा दुसरं काहीतरी.

मी वहीत लिहिलं: चौदावी जागा नरम. तातडीनं प्रत्यक्ष पाहणी आवश्यक. आणि खाली ठसठशीत सही केली.